गांवाचा एक विचार आणि ज्याचें त्याचें काम

गांव सुधारावें असें कोणास वाटत नाहीं? परंतु सुधारलेलें गांव म्हणजे नेमकें कसें गांव, हा प्रश्न एकाच चावडीवर बसलेल्या दहा शेतकऱ्यांस विचारला तर दहा निरनिराळीं उत्तरें येतात. बागाइतदारास पाटाला पाणी हवें असतें, कोरडवाहूवाल्यास विहीर हवी असते, शेळ्यामेंढ्या राखणारास मोकळें रान हवें असतें, आणि ज्याच्या नांवें गुंठाभरही जमीन नाहीं त्याला बारा महिने मजुरी हवी असते. या इच्छा आपापल्या जागीं रास्तच आहेत. तथापि त्या एकमेकींस न विचारतां चालूं लागल्या म्हणजे एकाची इच्छा दुसऱ्याच्या मुळावर येते. एकानें खोल बोअर घेतली कीं शेजाऱ्याची जुनी विहीर आटते. एकानें बांध कोरला कीं खालच्याचें शेत वाहून जातें. पुढें तंटा होतो, आणि सुधारणा राहते बाजूला.

हल्लीं जगांत 'इकोव्हिलेज' या नांवानें कांहीं वस्त्या प्रसिद्ध आहेत. मराठींत त्यांस निसर्गानुकूल गांव म्हणतां येईल. माणसांचा एकमेकांशीं परिचय राहील इतपत लहान वस्ती, जमीन-पाणी-रान न नासवतां चालणारा उद्योग, आणि पिढ्यानपिढ्या टिकेल अशी राहणी, हें त्यांचें थोडक्यांत लक्षण होय. स्कॉटलंडांतील फिंडहॉर्न ही वस्ती १९६२ सालीं सुरू झाली, आणि १९९५ सालीं तेथेंच भरलेल्या परिषदेनंतर अशा वस्त्यांचें एक जागतिक मंडळ स्थापन झालें. अशा ठिकाणीं ठिकठिकाणचे लोक आपखुशीनें जमतात. म्हणून आपणांस काय साधावयाचें आहे हें ते आधीं ठरवितात व मग राहावयास येतात. आपली गोष्ट उलट आहे. आपण शेजारी निवडलेले नाहींत. ते वाडवडिलांपासून मिळालेले आहेत. गांव आधीं आहे, विचार मागाहून जुळवावयाचा आहे. म्हणून हें काम आपल्याकडे अधिक अवघड आहे. परंतु तें अशक्य नाहीं, हें महाराष्ट्रांतल्याच कांहीं गांवांनीं दाखवून दिलें आहे. त्यांनीं तें कसें केलें आणि आपणांस त्यांतून काय घेण्यासारखें आहे, याचा विचार या लेखांत आम्ही करणार आहों.

जुनी व्यवस्था व तिचा शेवट

महसुली दप्तरांत आमचीं पुष्कळ वर्षें गेलीं. सात-बाराच्या उताऱ्यावर जमीन कोणाची, आकार किती, बोजा कोणता, पीक कोणतें, हें सर्व मिळतें. विहिरीचीही नोंद मिळते. पण विहिरीखालच्या पाण्याची हद्द कोणत्याही नकाशांत आंखलेली नाहीं. त्याचप्रमाणें ओढ्यांतला गाळ कोण काढील, गायरानावर नजर कोण ठेवील, पावसाची नोंद कोण करील, यासाठीं गांवच्या कोणत्याही नमुन्यांत रकाना नाहीं. हक्क लिहिलेले आहेत. कामें लिहिलेलीं नाहींत.

पूर्वीं तीं लिहिण्याची गरज नव्हती, कारण तीं जन्मानें ठरत असत. पाटील, कुळकर्णी, चौगुला हे वतनदार, आणि सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट, महार, मांग वगैरे बलुतेदार, अशी गांवगाड्याची रचना होती. खळ्यावर बलुतें मिळे व वर्षभर ज्याचें त्याचें काम ठरलेलें असे. या व्यवस्थेंत एक गुण होता: गांवांतलें कोणतेंही जरूर काम बेवारस राहत नसे. पण तिच्यांतला दोष त्याहून फार मोठा होता. माणसाची आवड, बुद्धि व हुशारी न पाहतां जन्म पाहून काम गळ्यांत पडे. आणि ज्यांच्या वांट्यास कष्टाचीं व हलकीं मानलेलीं कामें आलीं त्यांना गांवच्या विचारांत जागा नव्हती. ती व्यवस्था गेली हें योग्यच झालें. १९५८ च्या कायद्यानें कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें संपलीं व १९६२ च्या कायद्यानें मुलकी पाटिलकीही गेली.

मात्र जुनी वांटणी मोडल्यावर नवी वांटणी आपण केली नाहीं. जें काम पूर्वीं कोणाचें तरी होतें, तें आतां 'सरकारचें' झालें. आणि सरकारचें म्हणजे कोणाचेंच नाहीं. ही रिकामी जागा भरून काढणें हाच आजचा मुख्य प्रश्न आहे. ती भरावयाची तर दोन गोष्टी लागतात. एक, सर्वांस मान्य असा गांवाचा विचार. आणि दुसरी, त्या विचारांत प्रत्येकानें आपण होऊन पत्करलेलें काम.

फडाचा धडा

या दोन्ही गोष्टी एकत्र कशा नांदतात याचें जुनें उदाहरण म्हणजे धुळें व नाशिक जिल्ह्यांतील फड-पद्धति होय. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाट काढलेले आहेत, आणि ही पद्धति तीनशें वर्षांहून जुनी मानली जाते. बंधाऱ्याखालील भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार मोठे भाग पाडतात. प्रत्येक भागास फड म्हणतात. एका फडांत एकच पीक घ्यावयाचें, आणि कोणत्या फडांत यंदा ऊस, कोणत्यांत हंगामी पीक, हें सर्वांनीं मिळून ठरवावयाचें. पिकाचा फेर दरवर्षी बदलतो, त्यामुळें जमिनीसही विसांवा मिळतो.

यांतली खरी खुबी अशी कीं, सामान्यतः प्रत्येक भागीदाराची थोडथोडी जमीन प्रत्येक फडांत असते. पाणी कमी पडलें तर एखादा फड कोरडा ठेवितात. पण तो तोटा कोणा एकाचा न राहतां सर्वांच्या वांट्यास सारखा येतो. म्हणून तुटीच्या वर्षीं निर्णय घेतांना भांडण पेटत नाहीं. सर्वांचें हित एका दोरींत ओंवलें गेलें कीं एकमत होण्यास उपदेशाची फारशी गरज लागत नाहीं.

कामांची वांटणीही तितकीच स्पष्ट आहे. पाटाचें पाणी वाटणारा पाटकरी, शेतांत पाणी फिरविणारा बारेकरी, पिकाची राखण करणारा जागल्या, आणि या सर्वांवर देखरेख करणारा हवालदार. पाणी आपल्या शेतांत आपण फोडून घ्यावयाचें नाहीं, ही पहिली शिस्त. त्यामुळें सबळाचें शेत आधीं व दुबळ्याचें मागून असा प्रकार होत नाहीं. पंच मंडळी नियम करतात, पाटाची साफसफाई सर्वांनीं मिळून करावयाची असते, आणि या नोकरांचा मोबदला भागीदार आपल्या पिकांतून देत आले.

विहिरी वाढल्या आणि वरच्या अंगास मोठीं धरणें झालीं, तेव्हांपासून ही पद्धति पुष्कळ ठिकाणीं खिळखिळी झाली. ज्याला स्वतःची विहीर मिळाली त्याला फडाची गरज उरली नाहीं. यावरून असें दिसतें कीं गांवाचा एक विचार हा नुसत्या चांगुलपणावर टिकत नाहीं. तो टिकण्यास प्रत्येकाचा कांहीं तरी खरा लाभ त्यांत गुंतलेला असावा लागतो.

हिवरे बाजारचा हिशेब

अहमदनगर जिल्ह्यांतील (२०२४ पासून अहिल्यानगर) हिवरे बाजार हें गांव पर्जन्यछायेंतलें आहे. गांवचें क्षेत्र सुमारें ९७६ हेक्टर आणि पाऊस सरासरीनें ४०० मिलिमीटरच्या आसपास. १९७२ च्या दुष्काळानंतर गांव खालावलें, डोंगर उघडे पडले, दारू वाढली, तरुण मजुरीसाठीं बाहेर गेले. १९८९ सालीं श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. पुढें गांव आदर्श गांव योजनेंत आलें. तिचे मूळ नियम म्हणजे कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी व श्रमदान. हे नियम राळेगण सिद्धीच्या अनुभवावरून घेतलेले होते. हिवरे बाजारनें त्यांस आपल्याकडून भर घातली: शेतीसाठीं बोअर घ्यावयाची नाहीं, ऊस-केळीसारखीं पाणी पिणारीं पिकें घ्यावयाचीं नाहींत, आणि जमीन गांवाबाहेरच्यास विकावयाची नाहीं. १९९५ सालीं तेथें १६८ कुटुंबें दारिद्र्यरेषेखालीं मोजलीं गेलीं होतीं. २०१० पर्यंत ती संख्या तीनवर आली.

आमच्या मतें या गांवानें केलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे पाण्याचा ताळेबंद होय. पाऊस मोजावयाचा, ठराविक विहिरींची पातळी मोजावयाची, पावसाळा संपल्यावर गांवाजवळ पाणी किती याचा अंदाज करावयाचा, आणि त्यावरून रब्बीस कोणतीं पिकें किती घ्यावयाचीं हें ग्रामसभेंत ठरवावयाचें. हा हिशेब कोणाही शेतकऱ्यास करतां येण्यासारखा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडतें. त्या हिशेबानें ९७६ हेक्टरवर ४०० मिलिमीटर म्हणजे सुमारें ३९० कोटि लिटर. यांतलें पुष्कळसें उन्हानें उडून जातें, कांहीं पिकें व झाडें घेतात, कांहीं ओढ्यानें वाहून जातें. जमिनींत मुरतें तें थोडें. आतां बाराशें वस्तीच्या गांवास दररोज माणशी ५५ लिटर पाणी धरलें तर वर्षाकाठीं सुमारें २ कोटि ४० लक्ष लिटर लागतें. उलट एक हेक्टर उसास पाटानें साधारण २,००० मिलिमीटर पाणी देतात, म्हणजे २ कोटि लिटर. सव्वा हेक्टर ऊस साऱ्या गांवाच्या वर्षभराच्या पिण्यावापरण्याइतकें पाणी पितो! तेंच पाणी हरभऱ्यास दिलें आणि हरभऱ्यास सुमारें ३०० मिलिमीटर धरलें, तर एका हेक्टर उसाच्या पाण्यांत सहा-सात हेक्टर हरभरा निघतो.

हे आंकडे एकदां सर्वांसमोर मांडले कीं 'ऊस लावूं नको' असें एकानें दुसऱ्यास सांगण्याची पाळी येत नाहीं. आंकडाच सांगतो. एकाच्या शब्दास दुसरा जुमानीत नाहीं. पण स्वतः मोजलेल्या विहिरीस नाहीं म्हणणें कठीण असतें. गांवाचा विचार एक होण्यास सर्वांनीं मिळून पाहिलेली वस्तुस्थिति हा सर्वांत भक्कम पाया आहे.

मेंढा गांवचा अभ्यास

गडचिरोली जिल्ह्यांत धानोरा तालुक्यांत मेंढा (लेखा) हें गोंड लोकांचें लहानसें गांव आहे. 'दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार' ही त्याची घोषणा प्रसिद्ध आहे. येथील श्री. देवाजी तोफा व त्यांच्यासोबत काम करणारे श्री. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांतून दोन रीति पडल्या, त्या ध्यानांत घेण्यासारख्या आहेत.

पहिली रीत, निर्णय बहुमतानें न करतां सर्वसंमतीनें करावयाचा. एकजण जरी खरोखर विरुद्ध असला तरी विषय पुढच्या सभेवर टाकावयाचा. यानें उशीर लागतो खरा. पण बहुमतानें पास झालेला ठराव हरलेले लोक मोडतात, आणि सर्वसंमतीचा ठराव मोडणारास गांवांत तोंड दाखविणें जड जातें. शेवटीं उशिरा झालेलेंच काम आधीं पुरें होतें.

दुसरी रीत अभ्यासगटाची. ज्यांना एखाद्या विषयाची गोडी आहे त्यांनीं एकत्र बसून त्या विषयाची माहिती काढावयाची, जाणत्यांस विचारावयाचें, चर्चा करावयाची. मात्र अभ्यासगटानें निर्णय करावयाचा नाहीं, निर्णय ग्रामसभेचा. शिकणें एकीकडे व ठरविणें दुसरीकडे ठेविल्यानें शिकलेल्या चार माणसांचें राज्य होत नाहीं, आणि अजाणतेपणानें निर्णयही होत नाहीं. मधमाश्या न मारतां मध कसा काढावा, वनहक्काचा कायदा काय म्हणतो, अशा विषयांचा अभ्यास तेथें याच रीतीनें झाला.

याचें फळ असें कीं, २००६ च्या वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं मेंढ्यास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. पुढें २०१३ सालीं १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान कायद्याखालीं गांवानें आपल्या जमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या. आपल्या वाचकांनीं ग्रामदान करावें असें आमचें म्हणणें नाहीं. मालकी ज्याची त्याच्याकडे राहूनही विचार एक होऊं शकतो, हें फडावरून व हिवरे बाजारावरून दिसलेंच आहे. घ्यावयाची ती रीत.

विचार एक कसा करावा

आतां आपल्या गांवीं आरंभ कसा करावा तें सांगतों.

प्रथम सभा भरवूं नये. प्रथम शिवारफेरी करावी. तलाठ्याकडून गांवचा नकाशा घ्यावा आणि जमीनदार, मजूर, बाया, मेंढपाळ, शाळेंतलीं मोठीं मुलें अशा सर्वांनीं मिळून माथ्यापासून ओढ्यापर्यंत चालावें. कोठें माती वाहते, कोणती विहीर कोणत्या महिन्यांत आटते, गायरान किती उरलें, हें जागेवर पाहावें व नकाशावर खूण करावी. सभेंत जो तो आपल्या बाजूनें बोलतो. शिवारांत सर्वांसमोर एकच ओघळ असते.

दुसरें, वृद्धांस पंचवीस वर्षांपूर्वींचें शिवार विचारावें, आणि तरुणांस पंचवीस वर्षांनंतरचें. मुंबई-पुण्यास गेलेला मुलगा परत येऊन राहील असें गांवांत काय असावें लागेल, हा प्रश्न प्रत्येक घरीं विचारावा. बायांची बैठक वेगळी घ्यावी. पाणी, सरपण व चारा यांचा खरा हिशेब त्यांच्याजवळ असतो, आणि पुरुषांसमोर तो त्यांना मोकळेपणानें सांगतां येत नाहीं. भूमिहीनांकडे तर आपण होऊन जावें. ते चावडीवर येऊन बोलतील अशी वाट पाहूं नये.

तिसरें, जें ठरेल तें मोजतां येईल अशा शब्दांत लिहावें. 'आदर्श गांव करूं' हा संकल्प कोणासही मान्य होतो, म्हणून त्यास किंमत नाहीं. 'चैत्रांत गांवविहिरीस दोन पुरुष पाणी असावें', 'गायरानावरचें गवत दसऱ्यानंतर कापावें, त्यापूर्वीं गुरूं सोडूं नये', 'कोणाही मजुरास पोळ्यापासून शिमग्यापर्यंत गांवाबाहेर जावें लागूं नये', असे चार-पांच संकल्प पुरे आहेत. ते एका पानावर मावले पाहिजेत व चावडीच्या भिंतीवर लागले पाहिजेत.

चौथें, विरोध करणाऱ्याचें म्हणणें वहींत लिहून घ्यावें. विरोधाच्या पोटीं बहुधा एखादें खरें नुकसान असतें. चराईबंदी केली तर शेळीवाल्याचें पोट कोठें जाईल, याचें उत्तर मिळाल्याखेरीज ठराव करूं नये. केला तर तो रात्रीच्या अंधारांत मोडला जातो. हिवरे बाजारला राखलेल्या रानांतलें गवत कापून नेण्याची वाट मोकळी ठेवली म्हणूनच चराईबंदी पचली.

ज्याचें त्याचें काम

विचार ठरला तरी तो आपोआप घडत नाहीं. एका वहींत घरटीं एक पान घालावें. त्यावर जमीन व गुरें न लिहितां त्या घरांतील माणसांस काय येतें, काय आवडतें व आठवड्यांतून किती वेळ देतां येतो, हें लिहावें. असें केलें म्हणजे गांवांत किती गुण निजलेले आहेत तें कळतें. गवंडीकाम शिकून आलेला मजूर, झाडांचीं नांवें जाणणारी म्हातारी, पत्र लिहिण्यांत हुशार मुलगी, गाड्यामोटारीचें कसब असलेला तरुण, यांस आजवर कोणी कांहीं विचारलेलें नसतें.

दुसऱ्या पानावर गांवचीं कामें लिहावीं: रोजच्या पावसाची नोंद, महिन्याकाठीं विहिरींची पातळी, बांध-ओघळींची पाहणी, रोपवाटिका, गायरानाची राखण, गांवठी बियाणें जपणें, पैशाचा हिशेब, कचेरींतला पत्रव्यवहार, आजाऱ्यास दवाखान्यांत पोंचविणें, आणि तंटा गांवांतच मिटविणें. मग माणूस व काम यांची गांठ घालावी. ती घालतांना खालील गोष्टी पाळाव्या.

(१) काम माणसानें स्वतः मागावें आणि सभेनें त्यास होकार द्यावा. लादलेलें काम पहिल्या पावसांतच वाहून जातें, आणि सभेच्या होकाराशिवाय घेतलेलें काम अधिकार गाजविण्यास कारण होतें.

(२) कामाची मुदत ठरवावी. एक वर्ष पुरेसें आहे. ज्यास तें झेपलें नाहीं त्यास लाज न वाटतां सोडतां यावें, आणि ज्यास साधलें त्यास पुन्हां मिळावें.

(३) प्रत्येक कामास एक मुख्य व एक शिकाऊ असावा. शिकाऊ शक्यतों तरुण किंवा स्त्री असावी. पुष्कळ गांवांची सुधारणा एका कर्त्या पुरुषाबरोबर उभी राहिली व त्याच्याबरोबरच बसली, याचें कारण त्याच्या हाताखालीं कोणी तयार झालें नाहीं.

(४) एका माणसाकडे दोन मानाचीं कामें देऊं नयेत. पैसा ज्याच्या हातीं त्याच्याकडे हिशेबाची तपासणी तर मुळींच नसावी.

(५) सभेंत नेहमीं शंका काढणारा माणूस असतो. त्यास टाळण्याची चाल आहे. त्याला हिशेब-तपासणीचें काम द्यावें. त्याची शंकाच गांवास उपयोगी पडेल, आणि तो तपासून बरोबर म्हणाला तर इतरांचा भरंवसा आपोआप बसेल.

(६) परगांवीं नोकरी करणाऱ्यांनींही आपलें काम पत्करावें. मात्र तें पैसा, पुस्तकें, कचेरींतलीं कामें व मुलांची सोय अशा स्वरूपाचें असावें. जत्रेस येऊन दोन दिवस हुकूम सोडणें हें काम नव्हे.

श्रमदान आणि भूमिहीन

आतां एका नाजुक पण महत्त्वाच्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधतों, कारण हें मासिक बहुतकरून जमीनवाल्यांच्याच हातीं पडतें. श्रमदान हा शब्द फार गोड आहे. परंतु नाल्यावर बंधारा घातला म्हणजे पाणी कोणाच्या विहिरीस वाढतें? ज्याची जमीन नाल्याकांठीं आहे त्याच्या. ज्यास जमीनच नाहीं त्यानें दिवसभर माती वाहिली तर त्याची त्या दिवसाची भाकरी गेली, आणि दुसऱ्याच्या विहिरीस पाणी आलें. जमीनवाल्यानें एक दिवस दिला तर तें त्याच्याच शेतांत पेरणें आहे. भूमिहीनानें दिला तर तें खरें दान आहे. दोघांस एका मापानें मोजणें अन्याय होय, आणि या अन्यायामुळें पुष्कळ गांवचें श्रमदान दुसऱ्या वर्षीं थंडावतें.

यावर उपाय आहेत. श्रमदान जमिनीच्या प्रमाणांत धरावें; पांच एकरवाल्याचे दिवस जास्त, एकरवाल्याचे कमी. भूमिहीनाच्या श्रमास मजुरी द्यावी, किंवा राखलेल्या रानांतल्या गवतांत, गांवतळ्यांतल्या मासळींत, गायरानावरील फळझाडांत त्याचा हिस्सा आधीं लिहून ठेवावा. रोजगार हमीचीं कामें मागतांना गांवच्या पाण्याचीं कामेंच आधीं मागावीं. आचार्य विनोबांनीं सुलभ ग्रामदानांत जमिनीचा विसावा हिस्सा भूमिहीनांसाठीं मागितला होता. जमीन देणें ज्यास जमत नाहीं त्यानें निदान वाढलेल्या पाण्याच्या लाभांतला विसावा हिस्सा गांवनिधींत घालावा. गांवाच्या विचारांत ज्याचा लाभ नाहीं त्याचें मन त्यांत कसें राहील?

ठरावाची राखण

ठराव लिहिला, कामें वांटलीं, म्हणजे झालें असें समजूं नये. ग्रामसभेस कायद्याचा आधार आहे. १९५८ चा ग्रामपंचायत कायदा आणि १९९३ सालीं अमलांत आलेली घटनेची ७३ वी दुरुस्ती यांनीं तिला मान दिला आहे. पण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट व २ ऑक्टोबर या दिवशीं होणाऱ्या सभा पुष्कळ ठिकाणीं सह्यांपुरत्याच होतात. त्या सभांत आधीं मागच्या ठरावाचें काय झालें हें वाचून दाखवावें, ज्यानें त्यानें आपल्या कामाचा वृत्तांत उभें राहून सांगावा, आणि मगच नवीन विषय घ्यावा. पावसाचे व विहिरींचे आंकडे भिंतीवर लिहावे. पैसा आला-गेला तो शाळेंतल्या पोरासही वाचतां येईल इतक्या मोठ्या अक्षरांत लिहावा. नियम मोडणारास दंड असावा. पण तो सरपंचाच्या भावास व मजुराच्या मुलास सारखा असावा. पहिला दंड मोठ्या घरीं बसला आणि तो भरला गेला, म्हणजे पुढें फारसे दंड करावे लागत नाहींत.

असो. यंदाचा पाऊस संपला म्हणजे रब्बीच्या पेरणीपूर्वीं प्रत्येक गांवानें एवढें करावें: एक शिवारफेरी, विहिरींचें एकदां मोजमाप, एका पानाचा संकल्प, आणि घरटीं एक पानाची वही. यास पैसा लागत नाहीं व कोणाची मंजुरीही लागत नाहीं. भूगर्भांतलें पाणी सात-बारा पाहून वाहत नाहीं. तें सर्वांचें मिळून एक आहे. तें राखावयाचें तर राखणारेही मिळून एक असले पाहिजेत, आणि त्या एकांत प्रत्येकास आपलें नांव व आपलें काम सांपडलें पाहिजे. आमच्या वाचकांपैकीं जे आपल्या गांवीं हा उपक्रम करतील त्यांनीं आपला अनुभव, बरा-वाईट जसा असेल तसा, या मासिकाकडे अवश्य लिहून पाठवावा. एका गांवची वही दुसऱ्या गांवच्या उपयोगीं पडेल. इत्यलम्.